नकळत दिलेलं पाणी

पत्राचा सारांश: एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मालक लिहितात, "पंधरा वर्षं आम्ही साध्या माइल्ड स्टीलची कामं करतोय, तक्रार कधी आली नाही. अलीकडे एका नव्या ग्राहकाची दोन कामं घेतली. पहिलं म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाच्या ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) शाफ्टला १२ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची प्लेट जोडायची. ६०१३ जातीचा वेल्डिंग रॉड वापरला आणि काम लवकर हातात घेता यावं म्हणून नेहमीसारखं पाण्यात बुडवलं. माल गेला तेव्हा वेल्ड सुरेख दिसत होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, वेल्डच्या कडेने तडे गेलेत. दुसरं काम ३ मिलिमीटर ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटचं, ९० अंशांत वाकवून वर एक कान वेल्ड करायचा. प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) बाहेरच्या बाजूने फाटले. टॉर्चने तापवल्यावर छान वाकले, पण बसवल्यावर वजनाने झुकले. ग्राहक म्हणतो वेल्डर बदला. घरचे म्हणतात मशीन बदला, पल्स मिग (रॉडऐवजी तारेने वेल्ड करणारं मशीन) घ्या. मिस्त्री पहिल्या दिवसापासून आमच्याकडे आहेत. आता ते नजर वर करून बोलत नाहीत. काय करू?"

तुम्ही विचारताय की मिस्त्री बदलू की मशीन. पंधरा वर्षं ज्या हाताने आणि ज्या मशीनवर काम बिनतक्रार झालं, ते दोन्ही एकाच महिन्यात बिघडले, हे पटायला जरा जड जातं. त्या महिन्यात एकच गोष्ट नवी आली, ती म्हणजे धातू. म्हणून निर्णय बाजूला ठेवा आणि आधी परत आलेला शाफ्ट हातात घ्या.

तडा नेमका कुठे आहे ते बघा. वेल्डच्या मधोमध, लांबीने गेला असेल तर गोष्ट वेगळी; तो वेल्ड थिजता थिजता, गरम असतानाच फाटलेला असतो. पण तुम्ही 'वेल्डच्या कडेने' लिहिलंय. म्हणजे वेल्डचा मणी शाबूत असणार आणि त्याच्या काठाला समांतर अशी केसासारखी रेघ शाफ्टच्या अंगात गेलेली असणार. आता एक साधी फाईल घ्या. आधी शाफ्टच्या दूरच्या भागावर चालवा, ती चावेल, कीस पडेल. मग तडा गेलेल्या पट्ट्यावर चालवा. तिथे फाईल काचेवरून जावी तशी घसरली, तर दोष कशाचा हे तुमच्या तळहाताला कळेल. ही परीक्षा मिस्त्रींना स्वतःच्या हाताने करू द्या. तुमच्या दहा समजुतींपेक्षा ती जास्त बोलेल.

कोयत्याला पाणी देतात तेव्हा काय करतात? लाल तापवून पाण्यात बुडवतात, पातं कडक होतं. तुमच्या शाफ्टला नेमकं तेच झालंय. ईएन८मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के असतो. तुमच्या नेहमीच्या माइल्ड स्टीलमध्ये साधारण ०.१५ ते ०.२०. वेल्डलगतचा काही मिलिमीटरांचा पट्टा ८०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तिथली कणरचना बदलते आणि सगळा कार्बन लोखंडात विरघळतो. सावकाश थंड झालं तर तो बाहेर पडून आपली जागा घेतो आणि धातू पुन्हा मऊ, चिवट होतो. ८०० ते ५०० अंशांमधला उतार काही सेकंदांतच पार पडला तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. साधारण ३५० अंशांच्या खाली तो आतच अडकून जी रचना बनते, ती मार्टेन्साइट. ०.४० टक्के कार्बनचं मार्टेन्साइट रॉकवेल सी मापावर ५५च्या पुढे जातं. काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ. माइल्ड स्टीललाही हीच वागणूक मिळते, पण अडकायला कार्बनच कमी, म्हणून पंधरा वर्षं पाण्यात बुडवूनही तुम्हाला काही झालं नाही. सवय वाईट नव्हती, तिला माफ करणारा धातू होता.

आणि बुडवलं नसतं तरी सुटका नव्हती. ४० मिलिमीटरचा थंड शाफ्ट एवढ्याशा वेल्डची उष्णता इतक्या वेगाने ओढून घेतो की पाण्याची गरजच पडत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे टाके, मुख्य वेल्डआधी तुकडे जागेवर धरायला दिलेले छोटे वेल्ड. इवलासा टाका, थंड जाड शाफ्ट. तो जवळजवळ विझवलाच जातो. पुष्कळदा पहिला तडा टाक्याखालीच पडतो, वरून वेल्डने झाकला जातो आणि नंतर वाढतो.

मग तीन दिवस का लागले? इथे हायड्रोजन येतो. ६०१३च्या लेपात सेल्युलोज आणि ओलावा असतो, तो त्या रॉडचा स्वभावच आहे. शिवाय गंज, तेल, रंग. आर्कमध्ये या सगळ्यातून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या स्टीलमध्ये मुरतो. स्टील थंड झालं की त्याला तिथे जागा उरत नाही. अगदी लहान अणू तो, धातूतून सरकत सरकत शेजारच्या कडक पट्ट्यात जमतो, आणि वेल्ड आकसताना आलेला ताण त्याच पट्ट्याला ओढत असतो. तडा काही तासांनी पडतो, कधी दोन-तीन दिवसांनी. म्हणून असं काम वेल्ड झाल्या झाल्या तपासून पाठवू नये. किमान ४८ तास ठेवून मग डीपी टेस्ट (तड्यात रंग मुरवून तो दाखवणारी तपासणी) करावी. कडक रचना, हायड्रोजन आणि ताण हे तिघं एकत्र आले तरच हा तडा पडतो. एकाला जरी दाराबाहेर ठेवलं तरी बहुतेक वेळा काम वाचतं, आणि तुमच्या हातात पहिले दोन आहेत.

कुठला माल किती जपायचा, याचा एक हिशेब मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवरून दोन मिनिटांत होतो. कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल आणि तांब्याची बेरीज भागिले १५. याला कार्बन इक्विव्हॅलंट म्हणतात. ०.४०च्या खाली आलं तर बेताच्या जाडीचं काम फारशा कटकटीविना होतं. ०.४० ते ०.६०मध्ये तापवून, कमी हायड्रोजनच्या रॉडनेच. ०.६०च्या वर गेलं तर आधी विचार करा, वेल्ड करायलाच हवं का. तुमच्या ईएन८मध्ये ०.४० कार्बन आणि ०.८० मँगनीज धरलं तर ०.५३ येतं. म्हणजे वेल्ड होतं, पण मुकाट्याने होत नाही. सर्टिफिकेट नसेल तर ग्राइंडरवर ठिणगी बघा: माइल्ड स्टीलच्या रेघा लांब आणि साध्या, ईएन८च्या ठिणग्यांना जास्त फाटे फुटतात. ओळखीचा एक तुकडा शेजारी धरल्याशिवाय मात्र ठिणगीवर पैज लावू नका.

ईएन८एम अशी खूण दिसली तर थांबा. लेथवर भराभर कापलं जावं म्हणून त्यात गंधक मुद्दाम घातलेलं असतं, ०.१२ ते ०.२० टक्के. वेल्ड थिजताना हे गंधक कणांच्या मधे पातळ थराने शेवटपर्यंत द्रव राहतं आणि तिथेच मधोमध फाटतं. तो माल वेल्डसाठी नाहीच.

आता कृती. शाफ्ट आणि प्लेट वेल्डच्या दोन्ही बाजूंना निदान २५ मिलिमीटरपर्यंत चकचकीत घासा. गंज, तेल, काळी पापडी सगळी जाऊ द्या. रॉड ७०१८, म्हणजे कमी हायड्रोजनचा. डबा फुटलेला असेल तर ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास भाजून घ्या, मग १०० ते १५० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवा आणि लागतील तेवढेच बाहेर काढा. चार तासांहून जास्त बाहेर राहिलेले परत भाजायला. त्याच भट्टीत ६०१३ घालू नका, त्याचा लेप जळून रॉड निकामी होतो. मिस्त्री ७०१८ टाळत असतील तर त्यांना आळशी ठरवू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचं ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधीचं व्होल्टेज) कमी असलं, ७०च्या खाली, की हा रॉड सारखा चिकटतो, आणि चिकटणारा रॉड कोणाला आवडतो? डीसी मशीनवर होल्डर पॉझिटिव्हला लावा. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ११० ते १४० अँपिअर, आर्क आखूड, रॉडच्या जाडीपेक्षा लांब नको.

तापवणं हा कामाचा गाभा. साधारण २०० अंश. टॉर्चचा रोख जाड शाफ्टकडे जास्त, प्लेटकडे कमी. ताप मोजायला तापमानाच्या खडूच्या कांड्या मिळतात, ठरलेल्या अंशाला त्या वितळतात. ज्योत बाजूला करा, मिनिटभर थांबा, मग वेल्डच्या जागेपासून साधारण ७५ मिलिमीटरवर घासून बघा. पृष्ठभाग तापलेला आणि पोट थंड, ही फसवणूक त्याशिवाय कळत नाही. टाकेसुद्धा तापवल्यावरच, आणि ५० मिलिमीटर लांबीचे. दोन थरांच्या मधे ताप २००च्या खाली उतरू देऊ नका, म्हणजे मधे जेवायला जायचं नाही. संपल्यावर लगेच त्याच टॉर्चने २५० अंशांच्या आसपास नेऊन शक्य तितका वेळ धरा. दोन तास धरता आलं तर हायड्रोजनला बाहेर पडायला पुरेसा अवधी मिळतो. मग सिरॅमिक ब्लँकेटमध्ये किंवा कोरड्या चुन्यात गाडून रात्रभर सोडा. पाण्याची बादली त्या दिवशी शेडच्या बाहेर.

आर्क कुठेही पेटवू नका, वेल्डच्या जागेतच पेटवा. शाफ्टवर चुकून उमटलेला एक ठिपका म्हणजे मार्टेन्साइटचा एक थेंब. फिरणाऱ्या शाफ्टचा तडा पुढे तिथूनच सुरू होऊ शकतो.

३०९ किंवा ३१२ जातीच्या स्टेनलेस रॉडने हे सगळं न तापवता होतं, असं कोणी सांगेल. अर्धसत्य आहे. तो वेल्ड चिवट राहतो आणि हायड्रोजन स्वतःच्या पोटात धरून ठेवतो, त्यामुळे दुरुस्तीत उपयोगी. पण शाफ्टचा लगतचा पट्टा तितकाच कडक होतो, कारण तो रॉडने बनत नाही, शाफ्टच्या कार्बनने बनतो.

पल्स मिगचंही तसंच. उघड्या तारेला लेप नसतो, म्हणून हायड्रोजन कमी येतो, हा फायदा खरा. ॲल्युमिनियमचं काम वाढणार असेल तर ते मशीन घ्यायला माझी हरकत नाही. पण शाफ्टमधला कार्बन कुठलंच मशीन कमी करत नाही. तापवणं टळणार नाही, आणि आधी ते शिकलात तर आहे त्या मशीनवरही हे काम होईल.

त्याआधी ग्राहकाला एक प्रश्न विचारा: ही जोडणी वेल्डच का? शाफ्टवर चावी घालून बसवलेला फ्लँज, तापवून ओढून बसवलेला हब किंवा बोल्ट, यातलं काही चालत असेल तर ईएन८ला वेल्डची झळ लागतच नाही. शाफ्टला ईएन८ची ताकद लागतच नसेल तर कमी कार्बनचा शाफ्ट घ्या, सगळी कटकट मिटली. ड्रॉइंगवर ईएन८ लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे बहुतेक वेळा फक्त ताकद असते, तो वेल्ड कसा होईल याचा विचार त्याने केलेला असतोच असं नाही.

आता ॲल्युमिनियम. इथे गंमत उलटी आहे. स्टील तापून पटकन थंड झालं की कडक होतं, ६०६१ तापलं की मऊ पडतं. नावातलं टी६ म्हणजे कारखान्यात त्याला दिलेली वागणूक: साधारण ५३० अंशांना तापवून पाण्यात विझवलं, मग १६० ते १७५ अंशांवर काही तास मुरवलं. या मुरवणीत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि धातूचे थर एकमेकांवर सरकू देत नाहीत. त्यामुळे ताकद येते, साधारण २७५ मेगापास्कलपर्यंत (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) ते कायमचं वाकत नाही. आणि त्यामुळेच ताणायला वाव कमी राहतो. तुमचा पंच बहुधा माइल्ड स्टील वाकवायचा, टोकाला जेमतेम १ मिलिमीटर गोलाई. बेंडच्या बाहेरच्या कातडीला त्याने जितकं ताणलं तितकं टी६ ताणलं जात नाही.

टॉर्चने काय झालं? ते कण एकत्र येऊन मोठे आणि विरळ झाले. धातू वाकला, पण ताकद गेली. पूर्ण मऊ केलेल्या ६०६१ची सहनशक्ती सुमारे ५५ मेगापास्कल, म्हणजे टी६च्या एक पंचमांश. तुमचे ब्रॅकेट या दोन्हींच्या मधे कुठेतरी, आणि प्रत्येक वेगळ्या जागी, कारण टॉर्च प्रत्येक वेळी वेगळा फिरला. झुकणार नाहीत तर काय? ओव्हनमध्ये ठेवून ही ताकद परत येत नाही. त्यासाठी पुन्हा ५३० अंश आणि पाणी लागतं, त्यात ब्रॅकेट वेडेवाकडे होतात. ते भंगारात टाका.

पर्याय तीन. टी६च हवं असेल तर आतली गोलाई जाडीच्या तीन ते चार पट ठेवा, ३ मिलिमीटरला ९ ते १२. तेवढ्या गोलाईचा पंच आणि त्याला साजेशी रुंद व्ही डाय (पंचाखालचा खाचेचा साचा) लागेल. दुसरा, माल टी४ अवस्थेत (विझवलेला, पण ओव्हनमध्ये न मुरवलेला) मागवा. तो वाकायला बराच राजी असतो, गोलाई जाडीच्या दोन पट पुरते. वाकवून झाल्यावर १७५ अंशांवर आठ तास ओव्हनमध्ये ठेवला की टी६च्या जवळ पोचतो. तिसरा, ५०५२-एच३२ हा ॲल्युमिनियमचा वेगळा प्रकार. याची ताकद मॅग्नेशियम आणि थंड रोलिंगमधून येते, मुरवणीतून नाही. जाडीच्या दीड पट गोलाईत सहज वाकतो.

तुम्ही म्हणाल, ५०५२ तर कमजोर. कागदावर आहे, १९५ मेगापास्कल. पण तुमच्या ब्रॅकेटवर कान वेल्ड होतोय, आणि वेल्डच्या आजूबाजूचे २५ मिलिमीटर टी६ उरत नाहीत. वेल्डलगतच्या पट्ट्याची तुटण्याची ताकद ६०६१मध्ये ३१०वरून सुमारे १६५वर येते. ५०५२मध्ये तीच सुमारे १७०. जिथे ब्रॅकेट तुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथे दोघं एकाच पायरीवर. मग फाटण्याची कटकट कशासाठी घ्यायची? तुमच्या जागी मी ग्राहकाला ५०५२ सुचवेन आणि कान बेंडच्या रेषेपासून लांब सरकवायला सांगेन. परस्पर माल बदलू नका मात्र, लेखी होकार घ्या.

६०६१ वेल्ड करताना भरणाची तार वापरायचीच, नुसता धातू वितळवून जोडला तर तो थिजताना फाटतो. ४०४३ तारेत ५ टक्के सिलिकॉन असतं, ती तड्यांपासून चांगली वाचवते, पण ॲनोडाइझ केल्यावर वेल्ड काळपट दिसतो. ५३५६ रंगाला जुळते आणि ५०५२लाही तीच बरी. फक्त सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला ती नको. वर बसलेला ऑक्साइड २,०५० अंशांना वितळतो, आतलं ॲल्युमिनियम ६६०ला, म्हणून ॲसिटोनने पुसून स्टेनलेसच्या स्वतंत्र ब्रशने घासा, हाच क्रम. स्टीलवर फिरलेला ब्रश ॲल्युमिनियमला लावू नका.

वाकवण्याच्या दोन गोष्टी कुठल्याही पत्र्याला लागू. बेंडची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवा. समांतर ठेवली तर रोलिंगमध्ये लांबट झालेली अशुद्धी तिथेच फाटायला मदत करते. आणि कातरीची भुरी (कापलेल्या कडेवरचे बारीक काटे) बेंडच्या आतल्या बाजूला घ्या, बाहेर घेतली तर प्रत्येक काटा हा तड्याचा आरंभ असतो. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मी फाटाफूट थांबते.

पाठवलेले शाफ्ट परत मागवा, न तडकलेलेही. ग्राहकाला आधी फोन करून ते वापरू नका म्हणून सांगा, कारण शाफ्ट तुटला तर इजा होऊ शकते. दुरुस्ती करायची तर तडा पूर्ण घासून काढा, डीपी टेस्टने तो खरोखर संपल्याची खात्री करा, मग वरच्या रीतीने पुन्हा भरा. तड्यावरून एक थर फिरवणं म्हणजे तो झाकणं.

मिस्त्रींशी बोलताना दोष कुणाचा हे ठरवत बसू नका. एक रद्दी शाफ्ट द्या, दोन प्लेटा द्या. एक जुन्या रीतीने थंडच जोडू द्या, दुसरी तापवून, ७०१८ने. दोन दिवस ठेवा, मग दोन्ही पट्ट्यांवर फाईल त्यांनीच फिरवावी.

रॅकचंही बघा. शाफ्टच्या टोकाला ग्रेडचा रंग असतो आणि कापणारा बहुधा त्याच टोकापासून कापायला घेतो. उरलेला तुकडा मग बिननावाचा, पुढच्या कामात माइल्ड स्टील म्हणून वापरला जातो. प्रत्येक ग्रेडला एक रंग ठरवा, आणि रंगाचं टोक नेहमी शेवटी कापायचं.